बाजारातल्या मारहाणीनंतर मोफत वकील: तालुका विधी सेवेचा आमचा अनुभव

तालुका न्यायालयाच्या आवारात बसणाऱ्या विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, हे आमच्या भागात फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांतले बहुतेक जण ती सोय धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणासाठी किंवा नवरा-बायकोच्या खटल्यासाठीच असते असे धरून चालतात. आठवडी बाजारात जमावाच्या हातून मार खाल्लेल्या एका पारलिंगी (तृतीयपंथी) स्त्रीसाठी आम्ही ही सेवा घेतली, त्याचा हा अभिप्राय आहे. मी या सेवेला पाचपैकी चार गुण देतो. वऱ्हाडातल्या एका बाजारगावात माझे झेरॉक्सचे आणि ऑनलाइन अर्ज भरण्याचे केंद्र आहे. पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती असे अर्ज भरताना सरकारी सेवा कुठे अडते आणि कुठे सुरळीत चालते ते मला रोजच पाहायला मिळते, म्हणून हे लिहिण्याचा थोडा अधिकार मला आहे असे मी मानतो.

जिच्यावर हल्ला झाला तिचे नाव मी लिहीत नाही, ताई म्हणतो. राष्ट्रीय पोर्टलवरून तृतीयपंथी म्हणून ओळखपत्र मिळवण्याचा तिचा अर्ज माझ्याच केंद्रात भरला होता. ताई आमच्या आणि आसपासच्या गावांच्या बाजारांत मागून पोट भरते, बारशाला आणि लग्नाला बोलावणे आले की बधाईला, म्हणजे आशीर्वाद देऊन दान घ्यायला, जाते, आणि कापसाचे दर पडले की तिचीही कमाई पडते. कापूस वेचणीच्या दिवसांत मोबाइलवर एक ध्वनिफीत फिरू लागली, की साडी नेसलेल्या पुरुषांची मुले पळवणारी टोळी तालुक्यात उतरली आहे. त्या बाजारच्या दिवशी ताईने एका बाईच्या कडेवरच्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला, कोणीतरी ओरडले, आणि मिरची-हळदीच्या दुकानांच्या ओळीत सात-आठ तरुणांनी तिला घेरले. काठीने मारले, केस धरून ओढले आणि 'खरे काय ते पाहू' असे म्हणत तिचे लुगडे फेडण्याचा प्रयत्न केला. हे सगळे दोघे-तिघे मोबाइलवर टिपत होते.

अशा अफवेचा शेवट कुठवर जातो हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. मे २०१८ मध्ये हैदराबादेत मुले पळवणाऱ्या टोळीच्याच अफवेवरून जमावाने पारलिंगी स्त्रियांवर हल्ला केला आणि त्यांतल्या एकीचा जीव घेतला. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ जणांना ठेचून मारण्यात आले. गावोगाव फिरून मागणाऱ्या माणसावर संशय घ्यायला पुरावा लागत नाही, आणि त्यात ते माणूस बाईच्या वेशातले पुरुष आहे असे लोकांनी मनाशी ठरवलेले असले तर हात उचलायला कोणी मागेपुढे पाहत नाही. आमच्या बाजारात एका म्हाताऱ्या भाजीवालीने मध्ये पडून आरडाओरडा केला आणि गर्दी पांगली, म्हणून ताई वाचली.

पुढचे दोन दिवस जे घडले ते सेवेच्या कक्षेबाहेरचे असले तरी सांगणे भाग आहे, कारण त्यावाचून सेवेचे मोल कळणार नाही. दवाखान्यात तिच्या कागदावर 'मुका मार' एवढेच लिहून मलम आणि गोळ्या देण्यात आल्या. डावा हात सुजून टम्म झालेला असताना एक्स-रे काढायला कोणी सांगितले नाही. पोलीस ठाण्यात अदखलपात्र नोंदीची पावती हातात मिळाली, तिच्यावर 'बाजारात किरकोळ वाद व शिवीगाळ' असा मजकूर होता. संध्याकाळी तंटामुक्ती समितीच्या माजी अध्यक्षांच्या ओट्यावर बैठक बसली. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली तेव्हा बांधाचे आणि भाऊबंदकीचे तंटे गावातच मिटावेत हा तिचा हेतू होता, आणि आमच्या गावाने त्या काळी तिचा चांगला उपयोग केला हेही खरे. परंतु गावात मिटवण्याची ती सवय आता जमावाने केलेल्या मारहाणीलाही लागू होऊ लागली आहे. 'पोरं हायेत, चुकले. दवाखान्याचा खर्च देतात, हात जोडतात. कायले कोर्टाच्या पायऱ्या चढता?' असे सांगण्यात आले. ताई जमिनीकडे पाहत बसली होती. बैठक उठल्यावर ती मला म्हणाली, 'भाऊ, मार लागला ते सोडा. पुढच्या बाजारी मी येऊ का नोको, तेवढं सांगा.' त्या प्रश्नाला बैठकीतल्या कोणाकडेही उत्तर नव्हते.

तिच्या स्वतःच्या माणसांचा, म्हणजे गुरू आणि गुरुबहिणींचा, कलही प्रथम मिटवण्याकडेच होता. पोलीस ठाण्याची पायरी चढली तर सगळ्याच चेल्यांचे बाजार बंद होतील, अशी गुरूंची भीती होती, आणि त्यांच्या आयुष्याचा अनुभव पाहता ती अनाठायी म्हणता येणार नाही. त्यांचे मन वळले ते एका ऐकीव गोष्टीमुळे: नागपूरच्या लोक अदालतीच्या पॅनेलवर २०१८ मध्ये विद्या कांबळे या तृतीयपंथी कार्यकर्तीची सदस्य म्हणून नेमणूक झाली होती, हे त्यांच्या कानावर होते. लोक अदालती भरवणारी यंत्रणा आणि मोफत वकील देणारी यंत्रणा एकच आहे हे मी सांगितल्यावर त्यांनी विचारले, 'आपलं माणूस तिथं बसलं होतं?' आणि दुसऱ्या दिवशी त्या स्वतः आमच्याबरोबर तालुक्याला आल्या.

आता प्रत्यक्ष सेवेबद्दल. १५१०० या विधी सेवेच्या मदत क्रमांकावर फोन लावल्यावर आमच्या तालुक्याच्या समितीचा पत्ता मिळाला. तिथे अर्ज एका पानाचा होता. सोबत आधार, ओळखपत्र आणि उत्पन्नाचा दाखला जोडावा लागला. अर्ज घेतल्यावर समितीने एका विधी स्वयंसेविकेला आमच्याबरोबर दिले, आणि माझ्या मते या सेवेतली सगळ्यात मोलाची गोष्ट या बाई आहेत. त्यांनी ताईला बाकावर बसवून पाणी दिले आणि तक्रार नव्याने लिहायला घेतली. 'काय झालं ते सांगा' असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. आधी कोणाचा आवाज ऐकू आला, तेव्हा तुमचे तोंड कोणत्या दुकानाकडे होते, काठी कोणत्या हातावर लागली, तो हात तुम्ही वर उचलला होता की खाली होता, लुगड्याला हात घालणारा कोणत्या बाजूला उभा होता, असे लहान लहान प्रश्न विचारत त्यांनी बाजाराचा एक कच्चा नकाशा कागदावर काढला आणि प्रत्येकाची जागा त्यावर फुलीने दाखवली. ताई अडली की त्या थांबत, पेन खाली ठेवत, आणि पुन्हा तिथूनच सुरुवात करत. पोलीस ठाण्यात एका ओळीत गुंडाळलेला प्रसंग या कागदावर साडेतीन पाने झाला.

त्यानंतर त्यांनी सुजलेला हात पाहिला आणि आधी एक्स-रे काढायचा असे ठरवले. ही घाई त्या वेळी मला अनाठायी वाटली होती. तिचे कारण त्यांनी वाटेत समजावून सांगितले, आणि प्रत्येक गावात ते कोणाला तरी ठाऊक असायला हवे म्हणून जरा विस्ताराने लिहितो. भारतीय न्याय संहितेत साधी दुखापत हा अदखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. तृतीयपंथी व्यक्तींच्या संरक्षणासाठी २०१९ मध्ये कायदा झाला, तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला, आणि त्याच्या कलम १८ मध्ये तृतीयपंथी व्यक्तीला शारीरिक, लैंगिक, शाब्दिक किंवा मानसिक इजा करणे, सार्वजनिक जागी येण्यापासून अडवणे, घर किंवा गाव सोडायला भाग पाडणे हे सगळे गुन्हे ठरवले गेले. परंतु संमत झालेल्या त्या कायद्यात या सर्वांसाठी शिक्षा सहा महिने ते दोन वर्षे एवढीच ठेवण्यात आली, आणि तीन वर्षांच्या आतली शिक्षा असलेला गुन्हा सर्वसाधारण नियमाने अदखलपात्र व जामीनपात्र धरला जातो. हाड मोडले असेल तर मात्र दुखापत गंभीर ठरते, तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तो गुन्हा दखलपात्र आहे, आणि प्रकरणात एक जरी दखलपात्र गुन्हा असला तरी संपूर्ण प्रकरण दखलपात्र समजून तपास करावा लागतो. ताईच्या मनगटाजवळचे हाड चिरले होते. 'मुका मार' लिहिलेल्या कागदाने जी दारे बंद केली होती ती त्या एका काळ्या फिल्मने उघडली.

बलात्काराला किमान दहा वर्षे शिक्षा ठेवणाऱ्या देशात पारलिंगी स्त्रीवरच्या लैंगिक अत्याचारासाठी खास तिच्यासाठी केलेला कायदा दोन वर्षांवर थांबला, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते आणि तसे लिहायला मी कचरत नाही. त्या कायद्याच्या जोडीला जुन्या दंड संहितेचे, 'अनैसर्गिक' संभोगाला गुन्हा ठरवणारे कलम ३७७ होते, जे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी संमतीच्या संबंधांपुरते रद्द केले आणि जबरदस्तीसाठी कायम ठेवले. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली तीत ते कलम पूर्णच गळाले. त्यामुळे लुगडे फेडण्याच्या प्रयत्नासाठी आमच्या वकिलांना संहितेचे कलम ७६ मागावे लागले, जे स्त्रीला विवस्त्र करण्याच्या हेतूने केलेल्या हल्ल्याबद्दल आहे आणि ज्याला तीन ते सात वर्षे शिक्षा आहे. ताई त्या कलमाच्या अर्थाने स्त्री आहे का, असा प्रश्न पोलीस ठाण्यात उभा झाला. वकिलांनी १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालाचा आधार घेतला, ज्यात आपले लिंग कोणते हे सांगण्याचा अधिकार त्या त्या व्यक्तीचा आहे असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. शिवाय लिंगबदल शस्त्रक्रिया झालेल्या पारलिंगी स्त्रीला कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे संरक्षण मिळते असा मुंबई उच्च न्यायालयाचा २०२३ चा निकालही त्यांनी जोडला. ताईची शस्त्रक्रिया झालेली नाही, त्यामुळे दुसरा निकाल अगदी तंतोतंत लागू होत नाही हे त्यांनी आम्हाला आधीच मोकळेपणाने सांगितले. हा मुद्दा आता न्यायालयापुढे आहे.

गुन्हा नोंदवून घेण्यासाठी आम्हाला भांडावे लागले नाही, कारण भांडण्याऐवजी काय करायचे ते स्वयंसेविकेला ठाऊक होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार ठाण्याने नकार दिल्यास तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवता येते, आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येते. आम्ही नकाशासह तक्रार, एक्स-रेचा अहवाल आणि पहिल्या पावतीची प्रत पोचपावतीने पाठवली. काही दिवसांनी ताईला ठाण्यातून बोलावणे आले, आणि या वेळी तिला खुर्ची देण्यात आली. प्रथम खबरीची (एफआयआर) प्रत मोफत मिळणे हा तक्रारदाराचा हक्क आहे, तीही न मागता हातात आली.

मात्र वकील आणि एक्स-रे यांच्या बळावर खटला उभा राहत नाही, त्याला साक्षीदार लागतात, आणि इथे सेवेचा काही इलाज चालत नव्हता. त्या दिवशी बाजारात शेकडो माणसे होती. चित्रफीत अनेकांच्या मोबाइलवर होती, पण ती माझ्याकडून आली असे सांगायला कोणी तयार नव्हते. पहिली पुढे आली ती तीच भाजीवाली आजी, जिने गर्दी पांगवली होती. तिच्यामागून बचत गटातली बांगड्यांचे दुकान लावणारी बाई आली आणि म्हणाली, 'त्या रोजी मी आडवी आली नाही, ते मले टोचते. साक्ष द्याले येतो मी.' तिच्या नवऱ्याने नको म्हटले, शेजारच्या दुकानदाराने पुढच्या बाजारी जागा मिळणार नाही असे सुचवले, तरी ती हलली नाही. मग तिच्याच भाच्याने आपल्या मोबाइलमधली मूळ चित्रफीत दिली; ती पुरावा म्हणून चालावी यासाठी साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे जे प्रमाणपत्र लागते त्याचा नमुना वकिलांनी भरून घेतला. ज्या गावाने ओट्यावर बसून हे प्रकरण खर्चपाण्यात संपवायचे ठरवले होते त्याच गावातून तीन साक्षीदार निघाले. तिघांतल्या एकाचीही गावात मोठी पत नाही, आणि पत असलेले आजही गप्प आहेत.

वकिलांबद्दल. त्या तरुण आहेत, तयारी करून येतात, आणि तारखेच्या आदल्या संध्याकाळी फोन करून उद्या काय होईल ते साध्या भाषेत सांगतात. एक गैरसमज मात्र सगळ्यांचाच असतो, तो दूर केलेला बरा: अशा प्रकरणात खटला सरकार चालवते, युक्तिवाद मुख्यतः सरकारी अभियोक्ता करतात, आणि पीडितेचा वकील न्यायालयाच्या परवानगीने त्यांना साहाय्य करतो. म्हणून 'आपली वकील उठून बोलली का नाही' असे पहिल्या तारखेला ताईच्या गुरूंना वाटले. पैसे कोणी कशासाठीही मागितले नाहीत. टंकलेखन, नोटिसा, प्रती यांचा खर्चही आमच्यावर आला नाही. नुकसानभरपाईचा वेगळा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो हे त्यांनीच सुचवले आणि तो भरूनही दिला. आरोपींच्या घरच्यांनी पुन्हा समझोत्याची भाषा केली तेव्हा वकिलांनी ताईवर कोणताही दबाव येऊ दिला नाही: गंभीर दुखापतीच्या गुन्ह्यात तडजोड करायची की नाही हे ताईने ठरवायचे आहे, आणि तिने होकार दिला तरी न्यायालयाची परवानगी लागते, एवढे दोन्ही बाजूंना सांगून त्या थांबल्या. ताईने नकार दिला.

एक गुण मी कापला त्याची कारणे अशी. अर्जावर लिंगाच्या रकान्यात पुरुष आणि स्त्री एवढेच दोन चौकोन होते, आणि ज्या दाराने मदत मागायला यायचे त्याच दारात ताईला थबकावे लागले. शेवटी लिपिकाने कडेला हाताने लिहून घेतले. विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नसते, पण ताईला उत्पन्नाच्या निकषात बसवण्यात आले आणि दाखल्यासाठी तहसिलीत हेलपाटे पडले. ज्यांच्या कमाईचा कागद कुठेच नसतो अशा माणसाकडून उत्पन्नाचा दाखला मागणे म्हणजे सेवा देण्याआधीच त्याला दमवणे आहे. दुसरे म्हणजे ही खोली न्यायालयाच्या मागच्या बाजूला आहे आणि तिथवर पोचण्याआधी पाचपन्नास माणसांच्या नजरा ओलांडाव्या लागतात. बाजारगावात महिन्यातून एकदा जरी स्वयंसेविका बसली तरी कितीतरी जणींना ती सापडेल. तिसरी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. २०२० च्या नियमांनुसार तृतीयपंथीयांवरील गुन्ह्यांवर लक्ष ठेवण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली संरक्षण कक्ष असायचा आहे. या संपूर्ण काळात त्याबद्दल आम्हाला कोणीही काही सांगितले नाही, आणि समितीच्या भिंतीवरच्या फलकांतही त्याचा उल्लेख नव्हता.

दोषारोपपत्र दाखल झाले आहे आणि साक्षी सुरू व्हायच्या आहेत. ताई पुन्हा आमच्या बाजारात येते, पहिले काही आठवडे गुरुबहिणीला सोबत घेऊन येत होती, आता एकटी येते; मिरचीच्या ओळीकडे मात्र अजून जात नाही. ध्वनिफीत पसरवणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आरोपींत नाही, याबद्दल वकिलांनी पुढील तपासासाठी अर्ज केला आहे.

ज्यांना ही सेवा घ्यायची आहे त्यांनी आधार, असल्यास तृतीयपंथी ओळखपत्र, पोलिसांनी दिलेली कोणतीही पावती आणि दवाखान्याचा प्रत्येक कागद सोबत न्यावा. अंगावरचे फाटलेले कपडे धुऊ नयेत, सुजलेल्या जागेचा एक्स-रे पहिल्याच दिवशी मागून घ्यावा, आणि चित्रफीत कोणाच्या मोबाइलमध्ये मूळ आहे ते लगेच लिहून ठेवावे. १५१०० वर फोन करताना तालुका आणि गाव स्पष्ट सांगावे. मिळालेल्या वकिलाचे काम समाधानकारक नसेल तर समितीकडे लेखी अर्ज देऊन वकील बदलून मागता येतो, आणि त्यासाठीही पैसे लागत नाहीत.